भूल किती गाढ, हे कसे कळते?

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत एखाद्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरातील वडीलधारी मंडळी सुरीपेक्षा भुलीलाच अधिक भितात. ‘भुलीतून उठलोच नाही तर?’ हा एक प्रश्न आणि ‘मध्येच शुद्ध आली तर?’ हा दुसरा. संमतिपत्र वाचून दाखविण्यासाठी पालक आम्हां शिक्षकांकडे येतात, तेव्हा हेच दोन प्रश्न आमच्या पुढ्यात येतात.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि भुलीखाली दगावणाऱ्यांचा प्रश्नही आला. मराठवाडा ज्यात समाविष्ट होता, त्या हैदराबाद संस्थानात सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु १९११ साली लेव्ही यांनी सिद्ध केले की उथळ क्लोरोफॉर्म-भुलीतही हृदय अकस्मात बंद पडू शकते. एकाच खुणेवर विसंबू नये, हा त्या वादाचा धडा होय.

१९४२ साली माँट्रियल येथे स्नायू शिथिल करणारे औषध भुलीसोबत वापरले गेले, आणि निश्चल शरीर हा गाढ भुलीचा पुरावा उरला नाही. क्वचित प्रसंगी रुग्ण जागा असूनही बोटसुद्धा हलवू शकत नाही. नाडी व रक्तदाब वाढले तर संशय घेता येतो; पण रक्तदाबाची काही औषधे ही खूणही झाकून टाकतात.

म्हणून मेंदूकडेच पाहावे लागते. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम नोंदविल्या. जागेपणी या लहरी लहान व जलद असतात. भूल गाढ होता होता त्या मोठ्या व संथ होतात. भूल प्रमाणाबाहेर गेली तर मधूनमधून रेषा सपाट होते. आता कपाळावर चिकटविलेल्या पट्टीतून या लहरी घेऊन यंत्र त्यांचा एक आकडा काढते. ‘बीआयएस’ या प्रचलित मापनात शंभरच्या जवळ म्हणजे जाग, चाळीस ते साठ म्हणजे शस्त्रक्रियेयोग्य भूल, आणि त्याखाली गरजेपेक्षा गाढ भूल.

तरीही हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. तो काही सेकंद मागे असतो. कपाळाच्या स्नायूंची हालचाल किंवा केटामीनसारखे औषध त्याला चकविते. प्रत्येक रुग्णालयात हे यंत्र असतेच असेही नाही. भूलतज्ज्ञ उच्छ्वासातील भूलवायूचे प्रमाण, नाडी, रक्तदाब व प्राणवायू यांच्याशी ताडूनच निर्णय घेतो.

या निर्णयात आपलाही वाटा आहे. पूर्वीच्या भुलीचा अनुभव आणि चालू औषधे भूलतज्ज्ञास सांगावीत. दारूचे व्यसन तर शरमेपोटी हमखास लपविले जाते. वर्षानुवर्षे मद्यपान करणाऱ्यास भुलीचे औषध अधिक लागू शकते. ते ठाऊक नसेल तर मात्रा चुकण्याचा धोका वाढतो. पंचशील मोडल्याची लाज समाजापुढे वाटो. भूलतज्ज्ञापुढे मात्र सत्यच सांगावे.

ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा अंगठा किंवा सही करण्यापूर्वी विचारावे, ‘भूल किती गाढ आहे, हे आपण कसे पाहणार?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले ते याचसाठी.