परीक्षा कोण देतो, कोण घेतो?

गेल्या महिन्यांत एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. विलायतेंतील एका पेढीकडे केलेल्या इंग्रजी अर्जांत, अमुक परीक्षा आपण ‘गिव्ह’ केली, असें त्यानें लिहिलें होतें. मुलाखतींत प्रश्न आला, “तेथें आपण परीक्षक किती वर्षें होतां?” तो गोंधळला. जागा मिळाली नाहीं. ह्याच कारणानें गेली असें तो म्हणत नाहीं, मात्र शेवटीं एक ओळ आहे, “गुरुजी, शाळेंत हें वाक्य आपण बरोबर म्हणून तपासून दिलें होतें.” दिलें होतें खरें, आणि त्याला एकट्यालाच दिलें नव्हतें!

मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतो. इंग्रजींत नेमकें उलट. ‘एग्झॅमिनेशन’ हें नाम विद्यार्थ्याच्या पदरीं ‘टेक’ ह्या क्रियापदासह येतें. ‘गिव्ह’ करणारा तो मास्तर. शब्दास शब्द ठेवून भाषांतर केलें कीं बाकावरचा मुलगा थेट खुर्चीवर जाऊन बसतो. हिंदींतही परीक्षा ‘देतातच’. त्यामुळें आपल्या देशांतील इंग्रजींत हा प्रयोग सर्रास चालतो, आणि आपसांत तो कोणास खटकतही नाहीं.

नैयायिक म्हणतात, विस्तवानें शिंपणें हें वाक्य योग्यतेच्या अभावीं अर्थबोध करीत नाहीं. येथें तशी सोय नाहीं. योग्यता पुरेपूर, व्याकरण निर्दोष, आणि अर्थ भलताच. कोणत्या नामाशीं कोणतें क्रियापद नांदावें हें केवळ रूढि ठरविते. आमच्यासारख्या सूत्रें पाठ केलेल्या मनुष्यास हें पटावयास फार वेळ लागतो.

ह्या नामाचा बाकीचा गोतावळाही पाहण्याजोगा आहे. उमेदवार परीक्षेस ‘सिट’ करतो, हें आपलें ‘बसणें’च. संस्था ती ‘होल्ड’ किंवा ‘कंडक्ट’ करते. प्रश्नपत्रिका आपण काढतों, इंग्रज ती ‘सेट’ करतो. विषय सांगतांना ‘इन’, पण वैद्य रोग्यास तपासतो तेव्हां ‘ऑफ’. म्हणजे गणितांतली परीक्षा आणि रोग्याची परीक्षा.

आपल्याकडे तिसरेंही एक क्रियापद आहे. शंकरानें चांगुणेची सत्त्वपरीक्षा ‘पाहिली’, असें घरोघरीं म्हणतात. परि आणि ईक्ष्, सर्व बाजूंनीं पाहणें, हा मूळ धातु तेथें अजून जागा आहे. इंग्रजी शब्दाचें मूळ लॅटिन ‘एग्झामेन’, म्हणजे तराजूचा कांटा. आपण पाहतों, ते तोलतात. ही सत्त्वपरीक्षा इंग्रजींत नेऊं गेल्यास नामच बदलावें लागतें. ‘पुट टु दि टेस्ट’ चालेल, तेथें ‘एग्झॅमिनेशन’ चालणार नाहीं.

अशा शब्दजोड्यांचा व्यवस्थित संग्रह प्रथम लंडनांत नव्हे, टोकियोंत छापला गेला. हॅरल्ड पामर ह्यांचा अहवाल १९३३ सालचा. त्याच नगरींत १९४२ सालीं हॉर्न्बी व त्यांचे दोन सहकारी ह्यांचा कोश निघाला आणि १९४८ त ऑक्सफर्डनें तो पुन्हा छापला. जपानांत इंग्रजी शिकवितांना परक्या मुलांचें नेमकें काय अडतें तें त्यांस दिसलें होतें. मलाही तें वर्गांत रोज दिसत होतें. मी मात्र स्पेलिंगें तपाशीत बसलों.

विद्यार्थ्यास उत्तर धाडलें आहे. त्याचें तें वाक्य पुन्हा लिहून ‘गेव्ह’ खोडला, वर ‘टुक’ लिहिला, आणि समासांत लाल शाईनें माझाच एक गुण कापला.