सगळं वरच्या फळीवर

सकाळी ६.१५
ठकूला जाग आली की पहिलं काम खाली उतरण्याचं. आधी पालथी होते, पाय मागे सोडते, अंगठ्याने फरशी चाचपते आणि पोटावरून घसरत कॉटवरून खाली येते. काही दिवसांपूर्वीपर्यंत ती डोकं पुढे घालून निघायची, म्हणून आम्ही गादी जमिनीवरच टाकली होती. तिला अठरावा महिना चालू आहे. चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली, हे येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. उतरायला कधी शिकली हे कुणी विचारत नाही. मला मात्र तेच मोठं वाटतं, कारण त्याआधी थांबावं लागतं आणि खाली किती खोल आहे याचा अंदाज घ्यावा लागतो.

६.४०
नवऱ्याची कुपवाड एमआयडीसीत पहिली पाळी. तो निघायला लागला की ठकू धावत जाऊन पादत्राणं आणून देते. आज बाबाचा एक बूट आणि आजीची एक चप्पल. दोन लागतात एवढं कळलंय, जोडी जुळायची आहे.

८.३०
नाचणीची खीर, वाटी आणि छोटा चमचा. चमचा भरतो, वर येतो आणि तोंडाशी पोचता पोचता उलटा होतो. मनगट अजून ऐकत नाही.

“अगं, पोटात काय गेलं तिच्या? आण इकडे, पाच मिनिटांत भरवते,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, फ्रॉक मी धुते. खाऊ द्या तिला.”

त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसरी वाटी भरून जवळ ठेवली. मूल आपल्या हाताने खायला लागलं की आईचं काम हलकं होतं असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमचं धुणं पाहिलेलं नाही. ठकूची प्रत्येक नवी कला आधी आमच्या कामात भर घालते.

१०.००
अंगणवाडीत वजनाचा दिवस. ताईंनी काट्यावर उभं केलं तर ही उतरून काट्याचाच आकडा बघायला वाकली. शेवटी वजन भरलं ९ किलो ६०० ग्रॅम. उंची मात्र आडवं निजवूनच घेतली. दोन वर्षांपर्यंत अशीच मोजायची पद्धत आहे. त्यानंतर उभ्याने मोजतात, आणि उभ्याने ती थोडी कमीच भरते. माता-बाल कार्डावर ताईंनी टिंब मांडलं, ते हिरव्या पट्ट्यात आलं. खालच्या पट्ट्यांत नाही. पुढच्या टिंबाचं काय व्हायचं ते होवो, पण हे हिरवं टिंब बघून मला बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

डीपीटीचा बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा दुसरा डोस, हे सगळं याच वयाचं. आमचं गेल्या महिन्यात झालं. ‘अ’ जीवनसत्त्व नवव्या महिन्यात १ मिलि आणि आता २ मिलि. पुढे पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी.

ओट्यावर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. “तुमची रांगली कधी?” त्यांनी विचारलं. रांगली नाहीच, बसल्या बसल्या सरकायची, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांना मी जागतिक आरोग्य संघटनेची पाहणी सांगितली. ती भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची होती आणि २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यातली सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती. आणि आधाराशिवाय चालण्याचं वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठेही येऊ शकतं. एवढ्या लांबरुंद पट्ट्यात शेजारच्या बाळाशी तुलना कशाला करायची? आजी म्हणाल्या, “असेल बाई,” आणि नातवाला रांगायला खाली सोडलं.

११.३०
तारीख १८. परवा जीएसटीचं ३बी भरायची शेवटची तारीख, आणि दोन पार्ट्यांची खरेदीची बिलं अजून यायची आहेत. मी हिशोबांची कामं घरूनच घेते. लॅपटॉप पूर्वी चौरंगावर असायचा, तो टेबलावर गेला. टेबलाच्या कडेपर्यंत हात पोचायला लागला तसा भिंतीच्या फळीवर गेला, आणि आता मी उभ्यानेच टायपिंग करते.

खरं म्हणजे ठकूची वाढ कार्डापेक्षा या भिंतीवर जास्त नीट वाचता येते. फिनेलची बाटली मोरीतून माळ्यावर गेली. औषधांचा डबा फ्रिजवरून कपाटाच्या डोक्यावर गेला. सुई-दोऱ्याचा डबा, चार्जर, देवघरातली काडेपेटी, सगळं वरच्या फळीवर. दाराची कडी बदलून वर बसवली, कारण ती स्वतःला आत कोंडून घ्यायला शिकली होती. सिलिंडर हलत नाही, म्हणून रेग्युलेटर दर वेळी बंद. आणि हे सगळं झाल्यावर गेल्या आठवड्यात तिने प्लॅस्टिकचं स्टूल सरकवत आणून ओट्याला लावलं. हवी ती वस्तू उंच आहे, स्टूल लावलं तर हात पोचेल, एवढा विचार त्या डोक्यात झाला होता. मी आनंदाने ओरडले, आणि त्याच श्वासात स्टूल उचलून गॅलरीत ठेवलं.

ती दिवसभर येरझारा घालते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. मी एक बिल नोंदवेपर्यंत ही स्वयंपाकघरातून दोनदा येऊन जाते, तेव्हा तो आकडा मला मुळीच फुगवलेला वाटत नाही. पडली की आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी टाइप करत राहिले तर उठते. सासूबाई धावल्या तर रडते.

दुपारी २.००
झोपली. बिलं आली. काम झालं.

४.१५
पलीकडच्या वहिनी बसायचा वॉकर द्यायला आल्या. त्यांच्या मुलाचा, अगदी कोरा. मी नको म्हटलं. त्यात मूल पायाच्या बोटांनी ढकलत वेगाने पुढे जातं आणि पायरीवरून कोसळतं. कॅनडाने तर २००४ सालीच अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं, दमलं की सोडून बसतं. वहिनींना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याकडची चित्रांची पुस्तकं मागून घेतली.

५.३०
नळाला पाणी आलं. दोन पिंपं, घागरी, बादल्या, टोप. ठकूला यापेक्षा मोठा सण नाही. मगाने पाणी काढायचं, ओतायचं, पुन्हा काढायचं. मी तिथेच पाटावर बसते, फोन बाहेर ठेवून. दार वाजलं तर तिला उचलूनच उठते.

६.३०
आमराईत भुर्र. हात धरून तीन पायऱ्या चढली. एका काऊला टाटा केलं, कुत्र्यालाही काऊच म्हटलं.

८.००
दिवा लावल्यावर हात जोडते, पण डोळे ताटलीतल्या साखरेवर. वरणभात, दूध, जो जो.

९.४५
ती झोपली की पाण्याचं बघते. पिंपांवर जड झाकणं ठेवते, बादल्या ओतून उपड्या करते, मोरीच्या दाराला बाहेरून कडी लावते. या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं. मूल बादलीत वाकलं की डोक्यावर जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. तुमच्याकडेही पाणी भरून ठेवावं लागत असेल आणि घरात चालायला लागलेलं मूल असेल, तर पिंपाला त्याला उचलता येणार नाही असं झाकण बसवा आणि लागणार नाही ती बादली आजच उपडी घाला.