पेट्रोलचा काटा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला की लोक एकतर नवं मीटर आणून डॅशबोर्ड उघडतात, नाहीतर काट्याकडे बघणंच सोडून देतात आणि अंदाजावर गाडी चालवतात. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात गाडी नेमकी घाटात बंद पडते. प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती 800 अशा गाड्यांत ही यंत्रणा फार साधी असते. टाकीतलं एक युनिट, एक वायर, डॅशबोर्डवरचं मीटर आणि बॉडीचं अर्थिंग, एवढाच तिचा पसारा. दोष यांपैकी कुठे आहे हे आधी शोधायचं आणि मगच पार्ट विकत घ्यायचा. पण काही पक्के बसलेले गैरसमज आड येतात.

गैरसमज : काटा टाकीतलं पेट्रोल मोजतो.

वस्तुस्थिती : टाकीतल्या युनिटमध्ये दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो, तसा दांडीच्या दुसऱ्या टोकाचा कॉन्टॅक्ट बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतो आणि विजेच्या वाटेतला रोध कमी-जास्त होतो. काटा फक्त हा बदल दाखवतो. शिवाय टाकी खालपासून वरपर्यंत सारख्या रुंदीची नसते. म्हणून काटा अर्ध्यावर आला म्हणजे टाकी बरोबर अर्धी उरली, असं धरून चालू नये. पहिला अर्धा भाग सावकाश आणि दुसरा भराभर उतरला, तर तो बिघाड असेलच असं नाही.

गैरसमज : पेट्रोल भरलं तरी काटा चढला नाही, म्हणजे पंपावर माप मारलं.

वस्तुस्थिती : जुन्या मीटरांत बरेचदा तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी असते. त्यामुळे की ऑन केल्यावर काटा सावकाश चढतो. तो स्थिरावेपर्यंत थांबा. मापाबद्दल खरोखरच शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात पेट्रोल मोजून मागायचा ग्राहकाला हक्क आहे. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. काट्याच्या साक्षीवर मात्र कोणावर आरोप करू नये.

गैरसमज : काटा पडला, म्हणजे मीटर गेलं.

वस्तुस्थिती : मीटर डॅशबोर्डमध्ये कोरडं, सुरक्षित असतं. चिखल, पाणी आणि गंज यांचा मारा बसतो तो टाकीकडच्या जोडण्यांवर. म्हणून तपासणी तिथून सुरू करावी.

की बंद ठेवून युनिटवरची वायर काढा. रिझर्व्हच्या दिव्याची वायर वेगळी असू शकते, ती ओळखून बाजूला ठेवा. आता की ऑन करा. पुष्कळ जुन्या गाड्यांत काटा रिकाम्या खुणेवर राहायला हवा. पुन्हा की बंद करा, वायरीचं टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला पक्कं लावा आणि काही सेकंदच की ऑन करा. काटा भरलेल्या खुणेकडे चढू लागला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत, दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर वायर, फ्यूज आणि मीटर तपासा.

काही गाड्यांत हा क्रम उलटा असतो आणि इलेक्ट्रॉनिक मीटर असलेल्या नव्या गाड्यांत वायर अशी थेट अर्थ करू नये. त्यामुळे आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा.

गैरसमज : टाकी भरूनही काटा पाऊण भागावरच थांबतो, म्हणजे युनिट बदलायलाच हवं.

वस्तुस्थिती : युनिटच्या स्क्रूपाशी गंज चढला की अर्थिंग कमजोर होतं. वाटेत जादा रोध येतो आणि काटा कमी दाखवतो. युनिटच्या धातूच्या चकतीपासून चासीपर्यंत एक वेगळी वायर ओढून बघा. काटा सुधारला तर पॉलिश पेपर मारून जोडणी साफ केली की काम झालं. काटा दरवेळी एकाच खुणेपाशी झटकन पडत असेल, तर मात्र तिथली तार झिजलेली असते. आणि विजेचं सगळं ठीक असूनही काटा तळाशीच असेल, तर फ्लोट बाहेर काढून कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर फ्लोट फुटून बुडाला आहे.

गैरसमज : पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदम बिघडला, म्हणजे दोन खर्च आले.

वस्तुस्थिती : बहुधा दोष एकच असतो. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज जाते. तो बिघडला की दोन्ही काटे जास्त दाखवतात किंवा दोन्ही मरगळतात. स्टॅबिलायझर, फ्यूज आणि मीटरचं अर्थिंग आधी बघावं.

गैरसमज : बाजारातलं कोणतंही युनिट बसवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : भोकं जुळली म्हणून रोध जुळत नाही. जपानी धाटणीच्या अनेक गाड्यांत रिकाम्या टाकीला सुमारे 110 ओहम आणि भरलेल्या टाकीला मोजकेच ओहम असतात. युरोपीय धाटणीच्या काही युनिटांत रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180. चुकीची जोडी बसली की काटा उलटाच चालतो. घेण्याआधी दुकानातच मल्टिमीटर लावून फ्लोट वर-खाली करून बघा.

गैरसमज : फ्लोटला डाग दिला की झालं, घरीच करता येतं.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खालच्या भागात साचते. फुटलेल्या फ्लोटच्या आतही ती असते. त्याला सोल्डरिंग करूच नका, नवा फ्लोट घ्या. युनिट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, काम मोकळ्या हवेत करा, जवळपास विडी-सिगारेट, समई किंवा गॅस नको. टाकी भरलेली असताना युनिट उघडू नका आणि परत बसवताना गॅस्केट नवं घाला.

दुरुस्ती होईपर्यंत अंदाजावर राहू नका. टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. मारुती 800 ची टाकी सुमारे 28 लिटरची. लिटरला 15 किलोमीटर धरले आणि 5 लिटर राखीव ठेवले तर 345 किलोमीटर होतात, म्हणून 300 झाले की पंपावर वळा. जुन्या गाड्यांची मूळ मीटरं आता सहज मिळत नाहीत आणि डॅशबोर्डच्या कडक झालेल्या क्लिपा एकदा तुटल्या की पुन्हा नीट बसत नाहीत. डॅशबोर्डला हात लावायचा तो टाकीकडची तपासणी पूर्ण झाल्यावरच.