न पिताही ‘तळीराम’ ठरवले? हे माहीत असू द्या

परभणी शहरातील नाकाबंदी असो वा जिंतूर, गंगाखेडचा रस्ता. नियम एकच, मोटार वाहन कायदा, १९८८.

● मर्यादा (कलम १८५) : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

● दोन तास (कलम २०२) : अटकेनंतर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे, न झाल्यास कोठडीतून सुटका बंधनकारक.

● ठाण्यातील चाचणी (कलम २०३) : या कलमाखाली अटक झालेल्याला पोलीस ठाण्यात श्वासचाचणीची संधी मिळते.

● नकार नको (कलम २०५) : सबळ कारणाविना चाचणी नाकारल्यास ती बाब तुमच्याविरुद्ध धरली जाऊ शकते.

● केवळ वास पुरेसा नाही : महाराष्ट्रातील एका अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रक्त वा लघवीची तपासणी नसताना तोंडाचा वास, अडखळते बोलणे, डळमळती चाल यांवरून मद्यपान सिद्ध होत नाही (१९७१, ३ एससीसी ९३०).

● यंत्र कशाने फसते? : माउथवॉश किंवा मद्यार्कयुक्त औषध नुकतेच घेतले असल्यास. तोंडातील अंश साधारण १५ मिनिटांत ओसरतो. तेवढ्या वेळाने फेरचाचणी मागा.

● मधुमेहींनो : रक्तातील साखर घसरल्यावरही तोल जातो, जीभ अडखळते. आजाराची चिठ्ठी खिशात ठेवा.

हुज्जत घालू नका. यंत्रावरील आकडा आणि वेळ टिपून घ्या, रक्ततपासणीचा आग्रह धरा.