चांदण्यातला कोळसा

शांत बंदराचे चित्र दिसले की आपण ‘काय सुंदर देखावा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. परंतु चित्र हे वाचावयाचेही असते. त्यासाठी कलाशाळेत जावे लागत नाही. दहा मिनिटांची सवड आणि उघडे डोळे एवढे भांडवल पुरते.

टर्नर या इंग्रज चित्रकाराचे १८३५ सालचे एक तैलचित्र घेऊ. हा लंडनच्या एका न्हाव्याचा मुलगा. चित्राचे नाव, ‘चंद्रप्रकाशात कोळसा चढविणारे नावाडी’. स्थळ, इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या मुखाजवळचे शील्ड्स. आज हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

प्रथम उजेड कोठून येतो ते पाहावे. वर चंद्र, खाली पाण्यावर त्याचा झोत. आकाश व पाणी कोठे मिळतात ते चटकन कळत नाही. चंद्राजवळ रंगाचा थर इतका जाड आहे की तो कॅनव्हासवर उठून दिसतो. डावीकडे गलबते निवांत उभी आहेत. येथवर सारे शांत.

आता नजर उजवीकडे न्यावी. तेथे मशालींचा नारिंगी जाळ आहे आणि त्यात काळी, लहान माणसे फावडी मारीत आहेत. वरच्या अंगाला नदी उथळ आणि न्यूकॅसलचा पूल ठेंगणा. म्हणून मोठी जहाजे मुखाशी थांबत. ‘कील’ नावाच्या होड्यांतून एका खेपेस सुमारे २१ टन कोळसा खाली येई, व तो हातांनी जहाजात चढवावा लागे. काम भरती-ओहोटीच्या तालावर चाले. त्याला दिवस-रात्र नसे. कोळसा मुख्यतः लंडनला जाई.

या नावाड्यांनी १७०१ साली आपल्याच वर्गणीतून वृद्ध व आजारी सोबत्यांसाठी आश्रयगृह उभारले होते. घसरणीवरून कोळसा थेट जहाजात ओतण्याची सोय झाली, तेव्हा पोट जाईल हे ओळखून १८२२ मध्ये त्यांनी सुमारे दहा आठवडे संप केला. टर्नरने चित्र काढले तेव्हा त्यांचा धंदा ओसरू लागला होता. आणि चित्र घेतले कोणी? मँचेस्टरच्या एका सूतगिरणीमालकाने, हेन्री मॅकॉनेलने.

आमच्या चळवळीतला एखादा मित्र म्हणेल, ‘चित्रकाराने घाम पुसून चांदणे दाखविले.’ मला हा आक्षेप पटत नाही. श्रम लपवावयाचे असते तर नुसते पाणी रंगवून भागले असते. टर्नरने चित्रातला सर्वांत ऊबदार रंग कामकऱ्यांपाशी ठेवला आहे. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, हेही खरे. पण मालाच्या हिशेबात ते तसे कधीच दिसत नसत.

पुढे कोणतेही शांत बंदर चित्रात भेटले, तर तीन प्रश्न विचारावेत: उजेड कोठून येतो? जागे कोण आहे? आणि माल कोणाच्या घरी चालला आहे? सौंदर्य त्याने उणे होत नाही. ते अधिक कळते.