झटका मशीनमधून नेमका किती करंट जातो?

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूला शेती असेल, तर झटका मशीन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. रानडुक्कर आणि रोही हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडणारा डबा. त्यातून काही हजार व्होल्ट निघतात. घरच्या प्लगमध्ये फक्त २३०. तरी माणूस मरतो तो बहुतेक वेळा २३० च्याच तारेने. असं का?

सोपा हिशेब करू. तारेत ५००० व्होल्ट आणि शरीराचा रोध ५०० ओहम धरला, तर करंट १० अँपिअर. भयानक वाटतो, पण टिकतो किती? समजा सेकंदाचा दहा हजारावा भाग. म्हणजे ऊर्जा ५ ज्यूल. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमवर एका झटक्याला हीच कमाल मर्यादा आहे. पुढचा झटका येईपर्यंत हात सुटतो. घरची लाइन मात्र थांबत नाही. स्नायू आवळतात, हात तारेलाच चिकटतो आणि काही दशांश अँपिअर करंट हृदयातून वाहत राहतो. म्हणून कुंपणाला थेट लाइन जोडणं हा जुगाड नाही, गुन्हा आहे.

आता मोजायचं कसं? साधा मल्टिमीटर तारेला लावू नका. तो ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचाच असतो आणि इतका छोटा झटका त्याला दिसतही नाही. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे ते अर्थिंगच्या वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून त्यावरचे व्होल्ट बघतात: १० व्होल्ट म्हणजे १० अँपिअर.

पण त्याहून भारी युक्ती बॅटरीच्या बाजूला आहे. सोलर पॅनल काढा, मशीन बंद ठेवून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून बॅटरीच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडा, मग मशीन सुरू करा. समजा १२ व्होल्टवर सरासरी ०.१५ अँपिअर दिसला. म्हणजे १.८ वॅट. सेकंदाला एक झटका असेल, तर एका झटक्यात १.८ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा येणारच कुठून? डब्यावर '५ ज्यूल' छापलेलं असलं, तरी हा आकडा खोटं बोलत नाही.

आत काय असतं? १२ व्होल्टचे ४०० च्या आसपास करणारं सर्किट, कपॅसिटर, तो एका झटक्यात मोकळा करणारा एससीआर आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर. कपॅसिटर २० मायक्रोफॅरडचा असेल, तर ४०० व्होल्टला १.६ ज्यूल साठतात. १एन४००७ डायोड टीव्ही रिपेअरवाल्याकडेही मिळतो. एससीआर आणि फिल्म कपॅसिटरसाठी नागपूरला सीताबर्डी गाठावी लागते, नाहीतर ऑनलाइन. कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरडआधी व्होल्टेज बघा. ४०० व्होल्टच्या सर्किटला ६३० वाला घ्या.

शिकायला हे टेबलावर बनवा, तेही जाणकार माणूस सोबत असताना. शेतात मात्र तपासलेलं, मानकाचा शिक्का असलेलंच मशीन लावा. घरगुती सर्किटचा टायमर बिघडला, तर सेकंदाला एकाऐवजी पन्नास झटके निघू शकतात, आणि मग हात सोडवायला वेळच मिळत नाही. आणि डबा उघडण्याआधी, बॅटरी काढल्यावरही, कपॅसिटर मोठ्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा. त्यात चार्ज बराच वेळ राहतो.