शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे? शिरूर-दौंडच्या शाळांसाठी फिरत्या ग्रंथपेटीचा विचार

दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्यावर विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी देशभरातून आपले लोक येतात. स्तंभाला अभिवादन झाले की पावले पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. चैत्यभूमी असो, दीक्षाभूमी असो वा भीमा कोरेगाव, आपला माणूस परतताना पिशवीतून पुस्तक घेऊन जातो, ही आंबेडकरी समाजाची ओळख आहे आणि तिचा आपल्याला सार्थ अभिमान आहे.

पण स्तंभापासून नदी ओलांडली की शिरूर तालुका सुरू होतो. भीमेच्या काठाने खाली गेले की दौंड लागतो. या दोन तालुक्यांतल्या वाडी-वस्तीवरच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीला पाठ्यपुस्तकाखेरीज एखादे पुस्तक घरी नेता येते का? बहुतेक शाळांत पुस्तके आहेत. मात्र ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. हे कुलूप का पडते, ते उघडण्यासाठी कोणती व्यवस्था लागते आणि त्यात आपण तरुण कार्यकर्त्यांनी काय करायचे, याची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

कायदा काय सांगतो?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेसाठी किमान निकष ठरवणाऱ्या त्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी यांच्याबरोबर ग्रंथालयाचाही समावेश आहे. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, अशी ती तरतूद आहे. म्हणजे वाचनालय मागणे ही हौस नव्हे, तो मुलांचा हक्क आहे.

पैशाचीही तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदान ठरवलेले आहे. प्राथमिक शाळेसाठी ते ५ हजार रुपयांपर्यंत, तर पहिली ते बारावीपर्यंतच्या शाळेसाठी २० हजारांपर्यंत आहे. मुलांच्या एका पुस्तकाची किंमत सरासरी ६० रुपये धरली, तर ५ हजारांत ८० हून अधिक पुस्तके येतात. रक्कम मोठी नाही, पण नीट वापरली तर पाच वर्षांत एका शाळेत ४०० पुस्तके उभी राहतात.

तरतूद नाही ती माणसाची. खाजगी माध्यमिक शाळांत विद्यार्थिसंख्येनुसार पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपालाचे पद मिळते. पट कमी असेल तर तेही मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ग्रंथपाल हे पदच नाही. दोन शिक्षकी शाळेत त्यांतल्याच एका गुरुजींनी किंवा बाईंनी वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण हे सगळे सांभाळून वाचनालयही पाहायचे असते.

कुलूप का लागते?

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण खरे कारण व्यवस्थेत आहे. पुस्तक शाळेत आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते आणि ते शाळेची मालमत्ता ठरते. तपासणीत ते दाखवावे लागते. मुलाने नेलेले पुस्तक फाटले, भिजले, हरवले तर जबाब कोण देणार, ही भीती ज्याच्याकडे चार्ज आहे त्याच्या मनात असते. मग पुस्तके कोरी राहतात आणि नोंदवही बिनचूक राहते.

यावर उपाय कागदोपत्रीच आहे. वापरून जीर्ण झालेल्या वस्तूचे निर्लेखन करण्याची पद्धत सरकारी कामकाजात रूढ आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून एकदा बसून, खराब झालेल्या व हरवलेल्या पुस्तकांची यादी करून त्यांच्या निर्लेखनाचा ठराव केला आणि तो वरिष्ठांच्या मान्यतेसाठी पाठवला, तर शिक्षकाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. फाटलेले पुस्तक हा वाचल्याचा पुरावा आहे, हे पालकांनी समितीत ठामपणे म्हटले पाहिजे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत पहिले स्थान पुस्तकाच्या वापराला दिले, जतनाला नाही. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा होतो. त्या दिवशी फोटोला हार घालण्याबरोबर कपाट उघडले, तर तो दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल.

शिक्षक-ग्रंथपाल म्हणजे कोण?

पुस्तके देणे-घेणे हे ग्रंथपालाच्या कामातले सर्वांत छोटे काम. कोणत्या मुलाला काय वाचायला आवडेल हे ओळखणे, वाचता न येणाऱ्याला चित्रांच्या पुस्तकापासून सुरुवात करून देणे, परिसर अभ्यासातल्या धड्याला पूरक पुस्तक वर्गशिक्षकाच्या हाती देणे, माहिती कुठे शोधायची व ती खरी की खोटी हे कसे तपासायचे हे शिकवणे, ही शिक्षक-ग्रंथपालाची कामे आहेत.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेस पडला. केळुसकर गुरुजींनी त्याची चौकशी केली आणि त्याला वाचायला पुस्तके दिली. पुढे त्याच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी त्या पुस्तकाची आठवण नोंदवून ठेवली आहे. केळुसकर पदाने ग्रंथपाल नव्हते. योग्य वेळी योग्य मुलाच्या हाती योग्य पुस्तक देण्याचे काम मात्र त्यांनी केले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मक्रांतीची एक वाट अशा एका शिक्षकाने दिलेल्या पुस्तकातून जाते.

पेटीची परंपरा

प्रत्येक छोट्या शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल आणि मोठे ग्रंथालय मिळणे आज शक्य दिसत नाही. मग अनेक शाळांना मिळून एक सेवा देता येते. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी स्थानिक प्रशासनाचा शालेय ग्रंथालय विभाग विषयवार पुस्तकांचे संच शाळांना उसने देतो व शिक्षकांना मार्गदर्शन करतो. आपल्याला त्यासाठी तिकडे पाहण्याची गरज नाही. बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात हेच केले होते. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास बोलावले आणि गावोगावी ग्रंथालयांचे जाळे उभारले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. वाहतुकीचा खर्च संस्थान करी.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये व अभ्यासवर्ग काढणे हेही होते. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू करून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरत्या ठेवल्या.

आणि आपल्याला तर पेटी नवी नाही. बुद्धवचन ज्या ग्रंथसंग्रहात आहे त्या त्रिपिटकातील ‘पिटक’ या शब्दाचा अर्थच पेटी किंवा टोपली असा आहे. ज्ञान टोपलीत भरून पुढच्यांच्या हाती देणारी आपली परंपरा आहे.

शिरूर-दौंडमध्ये हे कसे चालेल?

यासाठी नवे कार्यालय काढावे लागत नाही. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रे, प्रत्येक केंद्रात आजूबाजूच्या शाळा आणि त्यांचे केंद्रप्रमुख ही रचना तयारच आहे. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. पेट्यांची अदलाबदल तिथेच करायची.

हिशेब सोपा आहे. एका केंद्रात दहा शाळा आहेत असे धरू. प्रत्येक शाळेने ४० पुस्तकांची एक पेटी तयार केली. स्वतःकडेच ठेवली तर वाचणारे मूल दिवाळीपर्यंत सगळी पुस्तके संपवते आणि नंतर त्याला नवे काही मिळत नाही. पण दर महिन्याला पेटी पुढच्या शाळेत गेली, तर जून ते एप्रिल या वर्षात प्रत्येक शाळेतल्या मुलांसमोर ४०० पुस्तके येतात. खर्च मात्र एका शाळेला ४० पुस्तकांचाच. मुलांची पातळ पुस्तके असल्याने पेटी मोटारसायकलला बांधून सहज नेता येते.

पेटीच्या झाकणाला आतून पुस्तकांची यादी चिकटवावी. पुस्तकांच्या पाठीवर वाचनपातळीप्रमाणे रंगीत पट्टी लावावी, म्हणजे पहिलीतले मूलही आपले पुस्तक स्वतः शोधते. देवघेवीची वही पाचवी-सहावीच्या मुला-मुलींकडे द्यावी. शिक्षकाचा वेळ वाचतो आणि मुलांना पुस्तक आपले वाटते.

या दोन तालुक्यांची काही वैशिष्ट्ये पेटी भरताना लक्षात घ्यावी लागतील. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे परप्रांतीय कामगारांची मुले मराठी शाळांत येतात. त्यांच्यासाठी हिंदीतली आणि दोन भाषांतली पुस्तके हवीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या भीमेच्या पट्ट्यात उतरतात. त्यांची मुले कोपीवर राहतात, पुन्हा पट्टा पडला की गावी परततात. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे, पण कागदाने वाचनाची सवय टिकत नाही. हंगामात एक पेटी संध्याकाळच्या वेळी कोपीवर नेणे हे काम शाळेपेक्षा गावातले तरुण चांगले करू शकतात.

मोबाइलमधले ग्रंथालय

शिक्षक-ग्रंथपालाला आता पुस्तकांबरोबर इतर माध्यमेही हाताळावी लागतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी मुक्त परवान्याने मिळतात, त्या छापून घेण्यासही मुभा आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने उघडतो. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही. मात्र शाळेत एकच स्मार्ट टीव्ही आणि घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून पडदा पेटीला पूरक ठेवावा, तिची जागा त्याला देऊ नये.

पेटीत काय असावे?

आपल्यातल्या काहींना वाटेल, पेटी आपण भरतो आहोत तर ती फुले-आंबेडकरी साहित्याने भरावी. बाबासाहेब, जोतिराव, सावित्रीबाई, फातिमा शेख, संविधानाची ओळख, जातककथा ही पुस्तके पेटीत असलीच पाहिजेत. पण पेटी शाळेची आहे आणि शाळा गावातल्या सर्व मुलांची आहे. तीत विज्ञानाचे प्रयोग, पक्षी, प्रवास, विनोदी गोष्टी, कविता, चित्रे हेही भरपूर हवे. श्रामणेर शिबिरात जे चालते ते शाळेत जसेच्या तसे चालवता येणार नाही.

यामागे आणखी एक गंभीर कारण आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणाऱ्या गावांत अविश्वास शिरला. तेव्हा पहिलीत असलेली मुले आता मोठी झाली आहेत. त्यांना इतिहास कोणी सांगितला? बऱ्याच अंशी व्हॉट्सअ‍ॅपने. ज्या मुलाने स्वतः पुस्तक उघडून दोन बाजू पडताळायची सवय लावून घेतली, त्याला अफवेने भडकवणे अवघड जाते. कशावरही ऐकीव म्हणून विश्वास ठेवू नका, ही कालामांना दिलेली भगवान बुद्धांची शिकवण शाळेत आणायची असेल, तर तिचा रस्ता वाचनालयातून जातो. आपल्या वस्तीतले मूल आणि पाटलाच्या आळीतले मूल एकाच पेटीतले पुस्तक एकामागून एक वाचते, तेव्हा बंधुता ही उद्देशिकेतली ओळ राहत नाही.

तरुणांनी काय करायचे?

१. शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने समितीत किमान ७५ टक्के पालक व निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतील आई-वडिलांना बैठकीला नेण्याची जबाबदारी आपली.

२. बैठकीत तीन प्रश्न विचारा: यंदा ग्रंथालय अनुदान किती आले? कोणती पुस्तके घेतली? गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांनी घरी नेली? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण आधी बोला. शिक्षकाला शत्रू करून वाचनालय चालत नाही.

३. निर्लेखनाचा ठराव मांडा. शिक्षकाची भीती दूर करणे ही पहिली मदत.

४. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल तर ते शाळेशी जोडा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार ही ग्रंथालये अनुदान घेतात. त्यांचा बालविभाग शाळेपर्यंत पोहोचला पाहिजे.

५. विहार आणि समाजमंदिरे संध्याकाळी उघडा. शाळा सुटल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी तिथे मुक्कामाला येऊ शकते. वंदनेनंतर अर्धा तास वाचन, सर्व समाजाच्या मुलांसाठी.

६. येत्या १ जानेवारीला स्टॉलवरून स्वतःसाठी एक पुस्तक घ्याल, तेव्हा आपल्या गावच्या शाळेसाठी दुसरे घ्या. घेण्याआधी तिथल्या गुरुजींना विचारा की मुलांना काय हवे आहे.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. त्यांच्या ग्रंथप्रेमाच्या कथा आपण जयंतीच्या भाषणांत मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या कथा ऐकणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत पुस्तक मिळाले नाही, तर ते भाषण वाया गेले असे समजावे. शिरूर-न्हावरे-चौफुला या रस्त्याने दोन्ही तालुके जोडले आहेत. त्या रस्त्यालगतच्या एका केंद्रापासून, दहा शाळांपासून, दहा पेट्यांपासून सुरुवात करता येईल. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा कपाटेही उघडतील एवढे पाहू या.

जय भीम! नमो बुद्धाय!